पाळीचा हुकूम डोक्यातून येतो, पिशवीतून नाही

चाकण : गोठ्यातली म्हैस रोजच्या माणसाच्या हाताखाली निवांत दूध देते. तो माणूस एखाद्या दिवशी परगावी लग्नाला गेला आणि दुसराच कोणी बादली घेऊन बसला, की म्हैस अंग चोरते. कास भरलेली दिसते, सडं तीच, आंबोणही पुढ्यात असतं, पण पान्हा काही सुटत नाही. खेड, मावळ, आंबेगाव, शिरूरच्या कुठल्याही गोठ्यात हे पाहायला मिळतं.

यामागचं कारण साधं आहे. पान्हा सोडण्याचं काम ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक करतं. संप्रेरक म्हणजेच हार्मोन. ते कासेत तयार होत नाही, मेंदूत तयार होतं आणि रक्तातून कासेपर्यंत येतं. जनावर बिथरलं, घाबरलं की शरीरात अॅड्रेनालिन नावाचं दुसरं संप्रेरक वाढतं आणि ते पान्हा अडवतं. दूध कासेत असतं, चावी मात्र डोक्यात असते.

बाईच्या मासिक पाळीचंही असंच आहे. रक्त गर्भपिशवीतून येतं, म्हणून पाळीत काही बिघडलं की दोष पिशवीलाच दिला जातो. खरं तर पाळी कधी यावी, किती यावी, याचा हुकूम वरून सुटतो. पिशवी फक्त तो पाळते. ही एक गोष्ट घराघरात नीट समजली, तर कितीतरी नको त्या गोळ्या आणि नको ती ऑपरेशनं टळतील.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, तळेगाव या पट्ट्यात आज हजारो बाया-मुली कंपन्यांत काम करतात. कोणी आसपासच्या गावातली, कोणी बीड, लातूर, परभणी, नांदेडहून आलेली, कोणी पार बिहार-ओडिशातली. शिफ्ट बदलत्या, खोली भाड्याची, काम बहुतेक कॉन्ट्रॅक्टवर. महिन्यात एक खाडा झाला तरी हजेरीचा भत्ता जातो. त्यात पाळी पुढे-मागे झाली, जास्त गेलं, पोटात दुखलं तर दवाखान्यात जायला वेळ नसतो. मग मेडिकलमधून गोळी येते. तेवढ्यानं भागलं नाही, तर गावाकडचं कोणीतरी सांगतं, ‘दोन लेकरं झालीत ना, मग पिशवी काढून टाक, कटकट मिटेल.’ ती कटकट खरंच मिटते का, हे समजून घ्यायचं तर आधी शरीरातलं काम कसं चालतं ते पाहिलं पाहिजे.

हुकमाची साखळी

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग असतो. भूक, तहान, झोप, शरीराची उष्णता यांवर त्याची नजर असते. वयात आल्यानंतर तो साधारण तास-दीड तासाने एक निरोप खाली पाठवतो. हा निरोप पोहोचतो पीयूषिका ग्रंथीकडे. ही ग्रंथी जेमतेम हरभऱ्याएवढी, पण काम साहेबाचं. ती रक्तात दोन संप्रेरकं सोडते, एफएसएच आणि एलएच. दहावीच्या विज्ञानात ही नावं येतात, परीक्षेनंतर ती विसरली जातात.

ही दोन संप्रेरकं रक्तातून ओटीपोटातल्या दोन अंडाशयांपर्यंत जातात. अंडाशय बदामाएवढे असतात आणि पिशवीच्या दोन्ही बाजूंना असतात. इथे दोन गोष्टी होतात. एक, स्त्रीबीज पिकतं. दोन, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं तयार होतात. हीच दोन पुढे पिशवीला सांगतात की अस्तर वाढव, अस्तर टिकव, नाहीतर टाकून दे.

म्हणजे साखळी अशी : आधी मेंदू, मग पीयूषिका, मग अंडाशय आणि सर्वांत शेवटी पिशवी. कंपनीच्या भाषेत सांगायचं तर प्लॅनिंग वरच्या ऑफिसात होतं, माल खालच्या लाइनवर निघतो. लाइनवर माल अडला म्हणून कोणी लगेच लाइन उखडून टाकत नाही. आधी ऑर्डर बरोबर आली होती का ते बघतात.

महिनाभरात काय होतं

पाळीचा पहिला दिवस म्हणजे रक्त दिसलं तो दिवस. तिथून मोजायचं. सुरुवातीला एफएसएच वाढतं आणि अंडाशयात काही बीजं पिकू लागतात. त्यातलं साधारण एक पुढे जातं. त्याच्याभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन तयार करतात. इस्ट्रोजेनमुळे पिशवीच्या आत अस्तर वाढतं. पेरणीआधी रान भुसभुशीत करावं, तसंच हे.

इस्ट्रोजेन पुरेसं वाढून काही काळ टिकलं की पीयूषिकेतून एलएचचा मोठा लोंढा सुटतो. त्यानंतर साधारण दीड दिवसात बीज अंडाशयातून बाहेर पडतं. बीज गेल्यावर मागे जे कवच राहतं, त्याला पीतपिंड म्हणतात. ते पिवळसर असतं आणि जवळपास दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन तयार करतं. प्रोजेस्टेरॉन अस्तराला धरून ठेवतं.

गर्भ राहिला नाही, तर पीतपिंड वाळून जातं, प्रोजेस्टेरॉन खाली येतं आणि अस्तर गळतं. तीच पाळी. गर्भ राहिला, तर गर्भाकडून एचसीजी नावाचं नवं संप्रेरक येतं आणि पीतपिंडाला सांगतं की थांब, काम चालू ठेव. आशाताई घरी देतात त्या पट्टीवर लघवीचे थेंब टाकले की जी दुसरी रेघ उमटते, ती याच एचसीजीची.

पाळी सगळ्यांना २८ दिवसांनीच यावी असं काही नाही. २१ ते ३५ दिवसांच्या अंतराने येणारी आणि आठवडाभरात थांबणारी पाळी साधारण ठीक धरतात. वयात येताना पहिली दोन-तीन वर्षं आणि पाळी जाण्याआधीची काही वर्षं ती पुढे-मागे होणं हे साखळीच्याच गडबडीमुळे होतं. मुलींमध्ये साखळी अजून बसायची असते आणि चाळिशीनंतर ती सैल होत जाते. दोन्ही वेळी अनेक महिने बीज सुटतच नाही. बीज नाही म्हणून पीतपिंड नाही, पीतपिंड नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही. अस्तर नुसतं वाढत राहतं आणि मग एकदम कोसळतं. त्यामुळे उशिरा आलेली पाळी जास्त जाते. यात पिशवीचा दोष नसतो, वरच्या हुकमाचा असतो.

माज आणि पाळी एक नव्हे

गाई-म्हशी सांभाळणाऱ्या घरांत एक गैरसमज हमखास असतो. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते, म्हणून बाईची पाळी म्हणजे तिचा माजच, असं धरलं जातं आणि त्यावरून दिवस मोजले जातात. हा हिशेब उलटा आहे.

गाय माजावर असते तेव्हा बीज सुटण्याच्या बेतात असतं. म्हणूनच सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवतात. काही गाईंना माज सरल्यावर एक-दोन दिवसांनी थोडं रक्त दिसतं. म्हणजे वेळ निघून गेलेली असते. बाईला रक्त दिसतं तेव्हा बीज सुटण्याची वेळ साधारणपणे लांब असते. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी. २८ दिवसांची पाळी असेल तर १४व्या दिवसाच्या आसपास, ३५ दिवसांची असेल तर २१व्या दिवसाच्या आसपास. त्या दिवसांत अंगावरून काचेसारखा, ताणला तर तार धरणारा पातळ स्राव जातो. माजावरच्या गाईलाही तसाच जातो. दोन्हीकडे तो इस्ट्रोजेनचा परिणाम असतो.

बीज बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं, पण पुरुषाचं बीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. म्हणून ‘सेफ दिवस’ मोजून राहणं भरवशाचं नाही. पाळी पुढे-मागे होणाऱ्या बाईला तर मुळीच नाही.

रात्रपाळी, उपास आणि काळजी

मराठीत कामाच्या शिफ्टलाही पाळी म्हणतात आणि महिन्याच्या पाळीलाही. या दोन पाळ्यांचा एकमेकींशी संबंध आहे. हायपोथॅलॅमस झोप, भूक आणि ताण यांचाही हिशेब ठेवतो. एक आठवडा दिवसाची, दुसरा आठवडा रात्रीची शिफ्ट, रोज चार तास झोप, डबा न खाता चहा-बिस्किटावर काढलेली रात्र, वरून घरची चिंता, असं चाललं तर तो खालचे निरोप मंद करतो. शरीराला वाटतं, ही वेळ मूल पोसायची नाही. परदेशात रात्रपाळी करणाऱ्या नर्सांचे मोठे अभ्यास झाले आहेत. त्यांत बदलत्या रात्रपाळीचे महिने जास्त, तसं पाळी अनियमित असण्याचं प्रमाणही जास्त आढळलं.

शेतकऱ्याला हे नवीन नाही. व्यायल्यानंतर गाय हडकली, खुराक कमी पडला तर ती कितीतरी महिने माजावर येत नाही. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका होतो. अशा वेळी शेतकरी डॉक्टरला बोलावतो, खनिज मिश्रण देतो, पेंड वाढवतो, सावली करतो. गाय उलटली म्हणून तिची पिशवी काढा असं कोणी म्हणत नाही. घरच्या बाईच्या बाबतीत मात्र हाच विचार सुचत नाही.

ताण आणि उपास ही दोनच कारणं नसतात. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंद किंवा जास्त चालली तरी पाळी बिघडते. पीसीओएस नावाच्या त्रासात अंडाशयांत बीजं अर्धवट पिकून राहतात, पुरुषी संप्रेरकं वाढतात, हनुवटीवर केस येतात, वजन वाढतं. अंगावर पाजणाऱ्या आईच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक जास्त असतं आणि बाळाच्या चोखण्याने वरचा निरोपही मंदावतो, म्हणून तिची पाळी थांबते. पण बाळ सहा महिन्यांचं झालं, वरचं दूध किंवा पेज सुरू झाली, की पाळी दिसण्याआधीही दिवस राहू शकतात. आणि पाळी चुकली तर पहिली तपासणी गरोदरपणाचीच करायची, हे कोणत्याही वयात विसरू नये.

मेडिकलमधली गोळी

देहू-आळंदीची वारी, गौरी-गणपती, घरचं लग्न, सत्यनारायण. अशा वेळी पाळी लांबवायची गोळी सर्रास घेतली जाते. या गोळीत प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध असतं. ते अस्तराला धरून ठेवतं. गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत अस्तर सुटतं. एखाद्या वेळी डॉक्टरला विचारून घेतली तर घाबरण्यासारखं नाही. पण जिला पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती, लिव्हरचा त्रास आहे किंवा दिवस राहिल्याची शंका आहे, तिने न विचारता घेऊ नये. दर सणाला घेत गेलं तर साखळीचा ताल बिघडतो आणि मग मधेच थोडं थोडं जायला लागतं.

७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी बीज सुटणं पुढे ढकलते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. ती रोजच्या वापराची नाही. त्यानंतर एखादी पाळी लवकर किंवा उशिरा येऊ शकते.

गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या. त्यातलं पहिलं औषध प्रोजेस्टेरॉनचं काम अडवतं आणि दुसरं पिशवीला कळा आणतं. काउंटरवरून चोरून घेतलेल्या या गोळ्यांनी जिवावर बेतू शकतं, कारण गर्भ नळीत अडकला असेल तर गोळीने तो पडत नाही आणि नळी फुटते. कायद्याने या गोळ्या नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात.

पाळणा लांबवायचा असेल तर सरकारी दवाखान्यात मोफत साधनं आहेत. माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या. ‘अंतरा’ हे इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं. त्याने अनेकींची पाळी अनियमित होते किंवा बंदच होते. रक्त आत साठतं ही भीती खोटी आहे. अस्तरच वाढत नाही, तर साठणार काय? ‘छाया’ ही गोळी लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेल्या औषधाची आहे, त्यात संप्रेरक नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा. कोणाला काय चालेल हे एएनएम ताई किंवा डॉक्टर वय, बीपी, बाळाचं वय पाहून सांगतात.

बीडचा धडा

पिशवी काढण्याच्या प्रश्नावर महाराष्ट्रात एक मोठी घटना घडली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांमध्ये गर्भपिशवी काढल्याचं प्रमाण फार आहे, अशा बातम्या २०१९ मध्ये आल्या. विधिमंडळात प्रश्न गाजला. सरकारने विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांची माहिती घेतली गेली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायांमागे एक.

हे आकडे चाकणच्या पट्ट्याला परके नाहीत. उसाच्या हंगामात पुणे जिल्ह्यातल्या फडांवर टोळ्या येतात त्या याच बायांच्या. आणि ज्यांनी कोयता सोडला, त्यांतल्या कितीतरी कुटुंबांनी चाकण-भोसरीच्या कंपन्यांची वाट धरली.

उसाच्या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. एक दिवस काम बुडालं तर खाडा लागतो. फडात संडास नाही, पाणी नाही, कापड बदलायला आडोसा नाही. पाण्याअभावी जंतुसंसर्ग होतो, पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. पाळीत ओझं उचलावं लागतं. दवाखान्यात गेलं तर कॅन्सरची भीती घातली गेली, असं अनेक बायांनी पाहणी करणाऱ्यांना सांगितलं. पांढरं जाण्याचा बहुतेक त्रास आठवडाभराच्या औषधाने बरा होणारा असतो. त्यासाठी ऑपरेशन झालं.

हा प्रश्न एकट्या बीडचा नव्हता. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच ऑपरेशनांबद्दल डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितलं की केंद्राने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा. विनाकारण पिशवी काढण्यावर लक्ष ठेवायला जिल्हा पातळीवरही समिती असावी, असं या सूचनांत आहे.

काढल्यावर काय होतं

पिशवी काढणं नेहमीच चूक असतं असं नाही. कॅन्सर, इतर उपायांना न जुमानणारा रक्तस्राव, फार मोठ्या गाठी, अंग बाहेर येणं अशा वेळी ते गरजेचं असतं आणि जीवही वाचवतं. प्रश्न आहे तो तिशी-पस्तिशीत, बाकी उपाय न करता, घाईने केलेल्या ऑपरेशनचा.

नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशय संप्रेरकं तयार करत राहतात. तरीही अशा बायांचे अंडाशय काही वर्षं आधी थकण्याची शक्यता वाढते. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले, तर इस्ट्रोजेन एकदम बंद होतं. नैसर्गिकरीत्या पाळी जायला आपल्याकडे साधारण ४५ ते ५० वय होतं आणि शरीराला सवय व्हायला काही वर्षं मिळतात. ऑपरेशनने तीच गोष्ट एका दिवसात होते. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, चिडचिड होते, योनी कोरडी पडते, सांधे दुखतात.

न दिसणारं नुकसान त्याहून मोठं आहे. इस्ट्रोजेन हाडांची झीज रोखून धरतं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही त्याचा आधार असतो. ते गेलं की पहिल्या काही वर्षांतच हाडं भराभर विरळ होतात. पस्तिशीत अंडाशय गेलेली बाई पुढची दहा-पंधरा वर्षं हा आधार नसताना काम करते. आणि तिचं काम काय, तर मोळी उचलणं, क्रेट उचलणं, आठ-आठ तास उभं राहणं. ज्या कामासाठी तिने ‘कटकट’ काढली, तेच काम तिच्याच्याने होईनासं होतं. म्हणून ज्यांचं असं ऑपरेशन लहान वयात झालं आहे, त्यांनीही डॉक्टरला भेटावं. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि चालत असेल त्यांना संप्रेरकाची औषधं देऊन नुकसान कमी करता येतं.

पिशवी काढण्याआधीचे उपाय असे असतात : पाळीच्या दिवसांत रक्त कमी करणाऱ्या गोळ्या, संप्रेरकाच्या गोळ्या, पिशवीत बसवायची संप्रेरकाची तांबी (ती काही वर्षं चालते आणि रक्त पुष्कळ कमी करते), नुसती गाठ काढणं, थायरॉइडचा उपचार आणि अंगात रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या. राज्यातल्या निम्म्याहून अधिक बाया रक्तक्षयी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली दिसलं. त्यात पाळी जास्त जाणं म्हणजे गळक्या टाकीचा नळ उघडा ठेवण्यासारखं आहे.

पुरुषांची साखळी

पुरुषातही तीच साखळी आहे. वरून तेच एफएसएच आणि एलएच येतात. एलएचच्या हुकमाने वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होतं. दाढी-मिशा, आवाज, स्नायू, इच्छा हे त्याचं काम. एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन मिळून शुक्राणू तयार करतात. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि त्यासाठी शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी उष्णता लागते. म्हणून तर वृषण शरीराबाहेर असतात. भट्टी, फाउंड्री, फोर्जिंगला वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्यांमध्ये शुक्राणू कमी होऊ शकतात. तंबाखू आणि दारूही त्यात भर घालतात.

तालमीत आणि जिममध्ये मिळणारी ‘बॉडी’ची इंजेक्शनं हा आणखी एक धोका. बाहेरून टेस्टोस्टेरॉनसारखं औषध टोचलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. तो वरचा हुकूम थांबवतो. स्नायू फुगतात, पण वृषण आकसतात आणि शुक्राणू जवळपास बंद होतात. इंजेक्शन सोडल्यावर साखळी परत चालू व्हायला महिने लागतात, कधी त्याहून जास्त.

मूल होत नाही तेव्हा सून दोन-दोन वर्षं गोळ्या खाते, अंगारे-धुपारे करते आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी होत नाही. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. तपासणी स्वस्त आहे आणि पहिल्याच भेटीत दोघांची व्हायला हवी.

नसबंदीबद्दलही एक गोष्ट. टेस्टोस्टेरॉन नळीतून जात नाही, थेट रक्तात जातं. म्हणून नळी बांधल्याने ताकद जात नाही. बाईच्या नळ्या बांधल्यानेही अंडाशयांचं काम थांबत नाही. पुरुषाचं ऑपरेशन छोटं, त्याच दिवशी घरी सोडणारं, तरी गावोगाव टाका पडतो तो बाईच्याच पोटावर.

दवाखान्यात कधी जावं, काय विचारावं

पाळी सात दिवसांहून जास्त चालली, तासातासाला पॅड भिजू लागलं, मोठ्या गुठळ्या पडल्या, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त गेलं, तीन महिने पाळीच आली नाही, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर थांबू नये. शेवटचं लक्षण कितीही थोडं असलं तरी लगेच दाखवावं.

जाताना मागच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा लिहून न्याव्यात. कॅलेंडरवर गोल केला तरी पुरे. शिफ्ट कोणती, झोप किती, कोणत्या गोळ्या घेतल्या, हे लपवू नये. साधारणपणे गरोदरपणाची चाचणी, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी एवढ्यात पुष्कळ उलगडा होतो. ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्र, चाकणला ग्रामीण रुग्णालय, शहरात पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो, त्यांनी कार्ड काढून घ्यावं. त्यांच्यासाठी चिंचवडला मोहननगरमध्ये कामगार विमा रुग्णालय आहे. पैसे दर महिन्याला कापले जातात, कार्ड मात्र कितीतरी जणींनी काढलेलंच नसतं.

आणि कोणी पिशवी काढायला सांगितलं, तर सही करण्याआधी चार प्रश्न विचारावेत. नेमका आजार काय, आणि तो कोणत्या रिपोर्टात दिसतो? औषधाने किंवा तांबीने होणार नाही का? अंडाशय ठेवणार की काढणार? महिनाभर थांबलं तर काय बिघडेल? उत्तरं घेऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं. जिवावरचा प्रसंग नसेल, तर दुसरं मत घ्यायला वेळ असतोच.

म्हैस पान्हा चोरते तेव्हा जाणता शेतकरी तिला मारत नाही. तो आधी बघतो, गोठ्यात काय बदललं. कुत्रं भुंकतंय का, माणूस नवा आहे का, वैरण कमी पडली का. घरातल्या बाईची पाळी बिघडली, तर हाच पहिला प्रश्न घरच्यांनी विचारायला हवा. तिची झोप किती झाली, ती जेवली का, तिच्यावर ताण कसला आहे, आणि तिला दवाखान्यात घेऊन जायला एक दिवस खाडा कोण करणार?